ओली काजळी

"आई, आत कोणी काही विचारलं तर नुसती मान हलव," दिपू म्हणाला. "हो म्हणू नको, नाही म्हणू नको. नुसती मान."

"नंदीबैलासारखी?"

"आई."

"बरं बाबा. हलवते."

गाडीच्या काचेवर बर्फ साचत होता आणि तो पुसणारी दांडी करकरत होती. समोर टॅगार्ट कंपनीचा कारखाना होता. विटांची लांबलचक इमारत, दोन धुराडी, त्यातल्या एकातून धूर निघत होता. मागे मोठं तळं, पार गोठलेलं. कॅनडाच्या उत्तरेकडचं ते गाव. आमच्या घरापासून गाडीने पोहोचायला आख्खी सकाळ गेली होती आणि वाटेत माणसांपेक्षा झाडंच जास्त दिसली होती. दिपूने गाडी बंद केली, पण उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून धुराकडे बघत बसला.

"आज संपवतो आई," तो म्हणाला. "आज हे संपलं की तुझी खोली."

याला आता अकरा वर्षं झाली.

माझी खोली म्हणजे येरवड्यातली. रस्त्यावरचा पत्रा, काच, बाटल्या, पुठ्ठा वेचून आणि नंतर दारोदार भंगार विकत घेऊन मी ती उभी केली होती. नवरा लवकर गेला. दिपू शिकला, कॉम्प्युटरच्या नोकरीवर कॅनडाला गेला, लग्न केलं, मग मला घेऊन गेला. जाताना खोली विकली. मीच विकली, कोणी हात धरला नव्हता. पैसे दिपूकडे दिले. दोन-तीन वर्षांत वाढवून देतो, तुला परत यावंसं वाटलं तर सुलामावशीच्या शेजारी चांगली खोली घेऊ, असं तो म्हणाला होता. ते पैसे या कारखान्यात होते. माझ्या नावावर, कागद पक्के. फक्त बाहेर निघत नव्हते.

दिपूचा धंदा मला त्याने पहिल्याच हिवाळ्यात समजावला होता. घराच्या तळघरात मला खोली दिली होती, जमिनीच्या बरोबरीने एक आडवी खिडकी, बर्फ पडला की ती झाकून जायची. तिथे माझ्या खाटेवर बसून तो रात्री जेवणानंतर बोलायचा.

"शेअर म्हणजे कंपनीचा तुकडा," तो म्हणाला. "लोक मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांचे तुकडे घेतात. मी कोणी बघत नाही त्यांचे घेतो. लहान कंपन्या. लोकांनी टाकून दिलेल्या. त्यांच्याकडे जमीन असते, यंत्रं असतात, बँकेत पैसा असतो, आणि आख्खी कंपनी मोडीच्या निम्म्या भावात मिळते."

"मोडीच्या निम्म्यात?"

"मोडीच्या निम्म्यात! तू बंद पडलेली मोटार घ्यायचीस, आतली तांब्याची तार काढली तरी पैसे सुटायचे. तसंच. आई, मी तुझाच धंदा करतो."

हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मला पुढचं विचारायचं सुचलं नाही. मोटार मी घरी आणून फोडायचे. कंपनी कोण फोडणार, हे विचारायला हवं होतं.

टॅगार्ट कंपनी बिडाच्या शेगड्या करायची. इकडे थंडीत लाकूड जाळून घर गरम ठेवतात, त्यासाठीच्या माणसाच्या कमरेएवढ्या शेगड्या. त्यांचा खप कमी होत चालला होता, पण कारखान्याखालची तळ्याकाठची जमीन मात्र सोन्याची झाली होती. दिपूने शेअर घेतले. भाव पडला, त्याने आणखी घेतले. मराठी मंडळातल्या मित्रांना सांगितलं, त्यांनीही घेतले. भाव तिथेच बसून राहिला. विकायला गेलं की घेणारा नसे. थोडे विकले तरी भाव कोसळे.

"आत जायला मोठा दरवाजा होता," दिपू एकदा म्हणाला, "बाहेर पडायला उंदराचं बीळ आहे."

मित्र आधी फोनवर हसून विचारायचे, मग न हसता विचारू लागले. गणपतीत कोणीतरी माइकवरून "आता आरती, प्रसाद आणि मग दिपंकर ओव्हाळांचं भंगार" असं म्हणालं. सगळे हसले, दिपूही हसला. पुढच्या वर्षी आम्ही गणपतीला गेलो नाही. सून एक शब्द बोलायची नाही, पण भांडी जोरात ठेवायची.

आणि कारखान्यात जायच्या आधीच्या पंधरवड्यात सुलाचा फोन आला होता. माझी धाकटी बहीण. तिच्या बाजूची खोली रिकामी झाली होती. "आक्का, पूर्वेची खिडकी आहे, नळ दारात आहे," ती म्हणाली. "मालक पाडव्यापर्यंत थांबतो म्हणतोय. पुढे नाही. तू येतेस की मी मरायची वाट बघतेस?"

पाडवा तोंडावर आला होता. म्हणून मी त्या दिवशी दिपूबरोबर गेले. माझ्या नावावर शेअर होते, म्हणून मला जाता येत होतं. कंपनीच्या वर्षाच्या सभेत दिपू ठराव मांडणार होता: सध्याचे संचालक काढायचे, नवे बसवायचे. नवे बसले की कारखाना बंद, जमीन विकायची, पैसे वाटून घ्यायचे. कंपनीच्या मालकीणबाईंकडे निम्म्याला थोडे कमी शेअर होते. बाकीच्या जवळजवळ सगळ्यांनी आपापलं मत दिपूच्या हाती सोपवलं होतं. ते कागद त्याच्या मांडीवरच्या पिशवीत होते. जिंकल्यातच जमा होतं. फक्त उभं राहून ठराव मांडायचा होता.

"चल," तो म्हणाला, आणि आम्ही उतरलो.

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. मिस टॅगार्ट. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील, काठी टेकत, पुरुषी बूट घातलेल्या. कंपनी त्यांच्या आजोबांनी काढलेली. दिपू कशासाठी आलाय हे त्यांना ठाऊक होतं, ठराव आधी पाठवावाच लागतो. तरी त्यांनी हात पुढे केला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "थंडी कशी वाटते?"

मी मान हलवली.

त्या हसल्या. "मलाही," म्हणाल्या.

इंग्रजी मला कानाने बरंच कळत होतं, तोंडातून निघत नव्हतं. सभेला वेळ होता. आलेल्या सगळ्यांना कारखाना दाखवायची त्यांची दरवर्षीची रीत होती. आलेले म्हणजे आम्ही दोघं, कंपनीचे वकील आणि गावातली चार म्हातारी माणसं, ज्यांनी कारखाना कैकदा बघितला होता आणि जी फक्त जेवणासाठी आली होती. ती थेट कॅन्टीनमध्ये गेली. आम्ही बाईंच्या मागे निघालो.

मागच्या अंगणात मी थांबलेच. बर्फातून भंगाराचे ढीग वर आले होते. गाड्यांचे ब्रेकचे ड्रम, फुटके पाइप, नळकांडी, आणि जुन्या शेगड्या. तुटलेल्या, गंजलेल्या, दार नसलेल्या. एका दारावर उठावाची अक्षरं होती. मी वाचायला पन्नाशीनंतर शिकले, मराठी आणि थोडं इंग्रजीही, त्यामुळे अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बोट फिरवून वाचलं: टॅगार्ट.

"त्यांच्याच शेगड्या परत येतात?" मी दिपूला विचारलं.

त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "आमच्या आजोबांच्या गिऱ्हाइकांची नातवंडं आणून टाकतात. आम्ही वितळवतो आणि नवी ओततो. काही तिसऱ्यांदा आलेल्या आहेत."

"विचार त्यांना," मी म्हणाले, "जमीन एवढी महाग झालीय, तर विकत का नाहीत?"

"आई, हे मी कसं विचारू?"

"मी म्हातारी आहे. माझ्या नावावर विचार."

त्याने मान खाली घालून विचारलं. बाईंनी काठी बर्फात रोवली. त्या त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलल्या, सावकाश. "तुमचा मुलगा हुशार आहे. जमिनीचा भाव त्याने बरोबर काढलाय. मीही काढला होता. विकली तर माझ्याकडे मोजता येणार नाही एवढा पैसा येईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी कुठे जाऊ?"

दिपूने मला सांगितलं, "नाही विकायची म्हणतायत." शेवटचं वाक्य त्याने गाळलं. मला ते कळलं होतं. मीही रोज सकाळी तळघरात उठून तेच म्हणत होते.

आतमध्ये आल्यावर आधी ऊब अंगावर आली, मग वास. जळक्या मातीचा, लोखंडाचा. कामगार थोडेच होते, पण हात चालू होते. काळी रेती साच्यात ठासत होते, पलीकडे भट्टी धगधगत होती. दिपूने डोळ्यांनी यंत्रं मोजायला सुरुवात केली. त्याची ती नजर मला ओळखीची होती. मी कोणाच्या दारात हातगाडी लावली की माझीही नजर अशीच फिरायची.

दिपू शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर हातगाडी ढकलायचा. लोक वस्तू आणून द्यायचे. तो आधी हातात घ्यायचा, वजन बघायचा आणि विचारायचा, "आई, घेऊ?" माझा एक नियम होता. भांडं आलं की बुडाला अंगठा फिरवायचा. काजळी सुकी, कोरडी, खरवडून निघणारी असली तर घ्यायचं. अंगठ्याला काळी चिकटली, ओली असली, तर घ्यायचं नाही. ओली काजळी म्हणजे ते भांडं सकाळीच चुलीवर होतं. घरातला बाप्या ते दारूपायी घेऊन आलाय. वस्तीतल्या दुसऱ्या भंगारवाल्या बायका मला हसायच्या. "द्रौपदा, तू धंदा करतेस का धर्मादाय?" माझ्या दारातून परत गेलेलं भांडं त्या घ्यायच्या आणि मजेत राहायच्या. पण दिपू अंगठा फिरवायला शिकला. दहा वर्षांचा असताना तो माझ्याआधी सांगायचा, "आई, ओली आहे."

भट्टीजवळ एक दांडगा, पिकल्या मिशांचा माणूस उभा होता. बाई म्हणाल्या, "हा रॉय. याचा बाप याच जागी उभा असायचा." रॉयला दिपू कोण हे माहीत होतं. सगळ्या कारखान्यालाच माहीत असावं, कारण आम्ही जाऊ तिथे ठोकाठोक थांबत होती. रॉयने क्षणभर बघितलं आणि हात पुढे केला. दिपूने धरला. सोडला तेव्हा रॉयच ओशाळला. "माफ करा," म्हणाला, "रेती लागली." आणि जवळचं फडकं शोधू लागला. ते फडकं त्याच्या हाताहून काळं होतं.

"असू दे," दिपू म्हणाला, आणि हात खिशात घातला.

सभा कॅन्टीनमध्ये होती. मधोमध शेगडी पेटलेली, तिच्यावर सूप उकळत होतं. म्हातारी माणसं वाट्या घेऊन आधीच बसली होती. वकीलसाहेब घड्याळ बघत होते. बर्फ वाढत चालला होता, रस्ता बंद होईल, लवकर आटपू या, असं ते दोनदा म्हणाले. खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. मला तळघरातली खिडकी आठवली. मग सुलाच्या बाजूची पूर्वेची खिडकी आठवली, जी मी बघितलीही नव्हती. दारातला नळ. सकाळी नळावर भांडणाऱ्या बाया. मला भांडायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं इकडे.

वकिलांनी गेल्या वर्षीचं काय काय वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "आता श्री. ओव्हाळ यांचा ठराव. मांडताय ना आपण?"

बाई काठीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होत्या. सूप खाणारे थांबले. दारात रॉय आणि आणखी दोघं येऊन उभे राहिले होते.

दिपूने पिशवी मांडीवर घेतली आणि चेन उघडायला खिशातला हात बाहेर काढला. तळवा काळा होता. बोटांच्या रेषांत, नखांत. चेनवर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. त्याने अंगठा दुसऱ्या बोटावर चोळला. काळं पसरलं.

तो माझ्याकडे वळला. डोक्यावरचे केस विरळ झालेला माझा मुलगा, चांगला कोट घातलेला. सगळ्यांसमोर मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "आई, घेऊ?"

माझा नियम कुठून आला हे मी कुणा बाईला कधी सांगितलं नव्हतं. दिपूशीही त्याबद्दल बोलले नव्हते. बोलायची गरज नव्हती, तो तिथे होता.

तो चार वर्षांचा असेल. सुलाचं लग्न व्हायचं होतं, ती आमच्याकडेच राहायची. माझ्या लग्नात आईने दिलेलं पितळी पातेलं चुलीवर होतं, त्यात डाळ शिजत होती. मी पाण्याला गेले, सुला लाकडं आणायला. आलो तर चूल पेटलेली आणि वर काही नाही. दिपू जमिनीकडे बोट दाखवत होता. डाळ ओतून दिली होती, बापाने पातेलं उचलून नेलं होतं. आम्ही तिघं नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे धावलो. पातेलं तिथेच होतं, त्याच्या पायापाशी. मी म्हणाले, दादा, ते माझं आहे, आत्ता चुलीवर होतं, हात लावून बघा, गरम आहे. तो म्हणाला, बाई, माल घेतला तो घेतला. आणि आमच्यासमोर हातोडा घातला. पितळ चेपताना बुडाला चिकटलेली डाळ उडाली, थोडी दिपूच्या हातावर आली. सुला रडत होती. दिपूने ती डाळ चाटून खाल्ली. भूक लागली होती त्याला.

पुढे मी त्याच धंद्यात शिरले. दुसरा कुठला येतच नव्हता.

"आई," दिपू पुन्हा म्हणाला.

मी त्याचा हात ओढून घेतला आणि पदराने पुसायला लागले. खरं सांगते, मला ते काळं निघायला हवं होतं. निघालं असतं तर मी म्हणाले असते, घे. मी थुंकी लावून पुसलं, जोर लावून पुसलं, तो लहान असताना शेंबूड पुसायचे तसं. माझा पदर काळा झाला, माझी बोटं काळी झाली. त्याचा हात तसाच.

"नको घेऊ," मी म्हणाले.

"तुझी खोली, आई."

"ठाऊक आहे."

"मित्र सोडणार नाहीत मला. त्यांनी माझ्या भरवशावर कागद दिलेत."

"तेही ठाऊक आहे."

"मग?"

"तू विचारलंस, मी सांगितलं. घ्यायचंच असेल तर आधी हात धुऊन ये."

वकील म्हणाले, "श्री. ओव्हाळ?"

दिपूने पिशवीकडे बघितलं. मग ती खुर्चीखाली ठेवली, जिथे ओले बूट ठेवतात तिथे. "नाही," तो म्हणाला. "मांडत नाही."

टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. वकिलांनी चष्मा परत लावला आणि पुढचा विषय वाचला. रॉय कामावर गेला. बाईंनी एकदाच आमच्याकडे बघितलं, त्यांना आमच्यात काय बोलणं झालं ते कळलं नव्हतं. कोणी सांगितलंही नाही. जाताना त्यांनी मला सूप दिलं. फार अळणी होतं.

मित्रांचे फोन आम्ही घरी पोहोचायच्या आतच सुरू झाले. दिपूने प्रत्येकाला एकच सांगितलं, तुम्ही ज्या भावाला घेतलेत त्या भावाला तुमचे शेअर मी परत घेतो, मला वेळ द्या. त्याला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांत घरात नवी वस्तू आली नाही, आणि सुनेने भांडी आपटणंही सोडून दिलं, ते मला जास्त जड गेलं. परवा मी विचारलं, "काय म्हणतोय आपला कारखाना?" तर दिपू म्हणाला, "शेगड्या चालू आहेत, आई. शेअर मात्र आठवडाभर एकही हलला नाही." मी अजून तळघरातच असते.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही बर्फात अडकलो होतो. पुढे बर्फ सारणारी गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि तिच्यामागे आम्ही. दिपूच्या हाताचे काळे डाग स्टिअरिंगवर उमटले होते.

"मावशीला मी सांगतो," तो शेवटी म्हणाला.

"तू गाडी चालव."

तिकडे पहाट झाली असणार. मी फोन लावला. सुलाने पहिल्या घंटीलाच उचलला. मागे बायांचा कालवा, घागरींचे आवाज.

"सुले, मालकाला सांग, खोली दुसऱ्याला दे."

"का? काय झालं? बुडवलं का पोरानं?"

"बुडवलं नाही. परत दिलं."

"काय परत दिलं?"

"पातेलं."

मागे कोणीतरी तिला पुढे सरक म्हणून ओरडत होतं, ती सरकली नसावी.

"डाळ होती का गं त्यात?" तिने विचारलं.

"होती."

"मग देणारच की." मग ती खेकसली, माझ्यावर नाही, मागच्या बाईवर. "अगं हो, सरकते! थांब आक्का, ठेवू नकोस, नळ जायला आलाय. हंडा भरते आणि बोलते."

मी थांबले. तिने फोन कुठेतरी ओट्यावर ठेवला असावा. हंडा भरत होता. पाण्याचा आवाज आधी खोल होता, मग हळूहळू वर येत गेला. काचेबाहेर काही दिसत नव्हतं. मी फोन कानाला दाबून धरला.